बँकॉकला उतरायचं कुठे आणि पाहायचं काय?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघं पाच रात्रींसाठी बँकॉकला जायचं म्हणतोय. मी, यजमान, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी. गुडघे जरा दुखतात, पण फिरण्याची हौस दांडगी. माझी नणंद दोन वर्षांपूर्वी जाऊन आली, तिच्या बोलण्यात मॉल, कपड्यांचा बाजार आणि ट्रॅफिक याशिवाय काही नाही. भाचा मित्रांबरोबर गेला होता, तो फक्त रात्रीच्या गल्ल्यांचं सांगतो. ऑफिसातली मैत्रीण मात्र नदी, होड्या, देवळं आणि भिंतीवरचं रामायण असं काही वर्णन करते, की ही तिघं एकाच गावाला गेली होती का, अशी शंका यावी. असं का होतं? आणि आम्ही हॉटेल कुठे घ्यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिघंही एकाच शहरात गेली होती आणि तिघंही खरं तेच सांगताहेत. फरक पडला तो उतरली कुठे यामुळे. बँकॉकमध्ये मुक्कामाची जागा जवळपास ठरवूनच टाकते की तुम्हाला कोणतं शहर दिसणार. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न मी एकच धरते.

याचं मूळ शहराच्या वाढीत आहे. 1767 साली ब्रह्मी सैन्याने सयामची राजधानी अयुथ्थया जाळून उद्ध्वस्त केली. ताक्सिन नावाच्या सेनापतीने पडझडीतून राज्य सावरलं आणि चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला बस्तान बसवलं. त्याच्यामागून 1782 साली गादीवर आलेल्या पहिल्या रामाने राजधानी समोरच्या पूर्व काठावर नेली. तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला थोडं खाली, सांपेंगला हलवलं आणि त्या जागी राजवाडा बांधला. आजचा चायनाटाउन म्हणजे तीच हलवलेली वस्ती. एका अंगाला नदीचं वळण आणि दुसऱ्या अंगाला खणलेले कालवे, मध्ये बेटासारखा झालेला भाग. त्याला रतनकोसिन म्हणतात. घरांची तोंडं पाण्याकडे, जाणं-येणं होडीने.

1860च्या दशकात चौथ्या रामाने चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता बांधवला. त्याचा मुलगा पाचवा राम, म्हणजे चुलालोंगकोर्न, याने तर रस्त्यांचा सपाटाच लावला. (हाच राजा तरुणपणी, 1872 साली, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता आणि मुंबईही पाहून गेला होता.) तिथून पुढे शहर नदीकडे पाठ करून पूर्वेला पसरत गेलं. कित्येक कालवे बुजले, त्यांचे रस्ते झाले. जुन्या रतनकोसिनमध्ये इमारतींच्या उंचीवर बंधनं आली, म्हणून मोठी हॉटेलं, मॉल, कचेऱ्या सगळं सियाम, सीलोम आणि सुखुमवित या नव्या भागांत उभं राहिलं. 1999 साली स्कायट्रेन सुरू झाली तीही या नव्या शहरावरूनच. राजवाड्याच्या आसपास रेल्वेचं स्टेशन यायला 2019 उजाडलं. त्या वर्षी भुयारी मेट्रो वाढवून सनाम चाय स्टेशनापर्यंत आणि पुढे नदीखालून थोनबुरीत नेली.

म्हणजे वीस वर्षं अशी गेली, की पर्यटक उतरायचा नव्या शहरात, आणि जुनं शहर पाहायचं तर टॅक्सीत बसून ट्रॅफिकमध्ये तास घालवायचा. एक दिवस राजवाडा ‘उरकायचा’ आणि उरलेले दिवस हॉटेलजवळच्या मॉलमध्ये काढायचे, ही पद्धत त्या काळात पडली. बहुतेक सहल कंपन्यांचे कार्यक्रम अजूनही त्याच साच्यातले आहेत. मेट्रो आली, पण कार्यक्रम बदलले नाहीत. तुमच्या नणंदेचं बँकॉक तिथून आलं.

प्रश्न : मग हॉटेल नदीकाठी घ्यावं की शहरात? एजंट प्रतुनाम म्हणतो.

उत्तर : एजंट प्रतुनाम म्हणणारच. घाऊक कपड्यांचा बाजार तिथे, भारतीय खाणावळी तिथे, खोल्या स्वस्त. खरेदी हाच मुख्य बेत असेल तर प्रतुनाम योग्य आहे. पण प्रतुनामच्या ऐन मध्यावर स्टेशन नाही. सामान आणि सासूबाई दोन्ही सांभाळत दर वेळी चित लोम किंवा रत्चाथेवी स्टेशन गाठायचं म्हणजे गर्दीतून चालणं आलं, नाहीतर टॅक्सी आली. आणि त्या चौकातला ट्रॅफिक शहरातल्या सर्वांत वाईट ट्रॅफिकपैकी आहे.

नदीकाठ फार सुंदर. सफान ताक्सिन स्टेशनला लागून धक्का आहे, होड्या तिथूनच सुटतात. सकाळी खिडकीतून पाणी दिसतं. पण तिथली चांगली हॉटेलं महाग, आणि स्वस्तातली असतात ती स्टेशनपासून आत. परवडत असेल तर शेवटच्या दोन रात्री तिकडे काढाव्यात, असं मी एरवी सांगते. तुम्ही चौघं आहात. सामानाची हलवाहलव दोनदा करू नका.

खाओ सानचं नाव कुणीतरी काढेल. तो रस्ता तरुण, एकट्यादुकट्या प्रवाशांचा, रात्रभर जागा. तिथे अजूनही रेल्वे पोचत नाही. तुमच्यासाठी नाही.

सुखुमवितचं तसं नाही. असोक स्टेशनला स्कायट्रेन आणि भुयारी मेट्रो एकमेकींना मिळतात, भारतीय जेवण पावलापावलावर आहे, हॉटेलं सगळ्या दरांची. सुखुमवित मेट्रो स्टेशनातून एकच गाडी पकडून राजवाड्यापाशी, सनाम चायला, उतरता येतं. मात्र नाना स्टेशनचा परिसर आणि असोकजवळची सोई काउबॉय ही रात्रीच्या धंद्याची ठिकाणं आहेत. तुमच्या भाच्याचं बँकॉक ते. कुटुंबाला धोका नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन रोज संध्याकाळी तिथूनच परतायचं, हे मला तरी नको वाटतं. फ्रोम फोंगच्या पुढे गेलात तर वातावरण घरगुती होतं.

सुखुमवितबद्दल आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगते. मुख्य रस्त्यावरून फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. उत्तरेकडच्या सोईंना विषम आकडे, दक्षिणेकडच्यांना सम. काही सोई किलोमीटर-दीड किलोमीटर आत जातात. हॉटेलच्या जाहिरातीत ‘स्कायट्रेनजवळ’ लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात हॉटेल सोईच्या पार टोकाला. तिथले लोक नारिंगी जाकिटवाल्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून आत जातात. सासूबाईंना ते जमणार नाही. म्हणून नकाशा उघडा, स्टेशनच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचं चालणं मोजा आणि ते सात मिनिटांहून जास्त निघालं तर ते हॉटेल सोडून द्या, मग तिथे पोहण्याचा तलाव गच्चीवर असो की आणखी कुठे.

तुमच्या घरासाठी माझं मत सीलोम–साम यान या पट्ट्याला. सीलोमला भुयारी मेट्रो, आणि तिला जोडूनच साला देएंग हे स्कायट्रेनचं स्टेशन. तिथून सनाम चाय पाच स्टेशनं, नदीचा धक्का चार स्टेशनं, सियामचे मॉल दोन स्टेशनं. समोर लुंफिनी बाग. याच रस्त्याच्या खालच्या अंगाला मारिअम्मन देवीचं तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं देऊळ आहे, त्याच्या आसपास इडली-डोसा मिळतो. पटपोंगचा रात्रबाजार याच भागात आहे खरा, पण तो दोन-तीन गल्ल्यांत मावतो, आणि साम यानकडे विद्यापीठाचा शांत परिसर लागतो. भुयारी मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट असतात. स्कायट्रेनच्या स्टेशनांत लिफ्ट ठरावीक दारांनाच असते, ती कोणत्या बाजूला आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. दोन्ही गाड्यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात.

खोली घेताना एवढं पाहा : चौघांना एकाच खोलीत कोंबण्यापेक्षा आतून दार जोडलेल्या दोन खोल्या मागा. आणि मुंबईहून रात्री निघणारी बरीच विमानं पहाटे-सकाळी पोचतात, खोली मिळते दुपारी दोनला. सकाळी लवकर खोली देणार का, हे आधीच लिहून विचारा. नाही म्हणाले तर सामान ठेवून समोरच्या बागेत जा.

प्रश्न : पाहायचं काय? सासूबाईंना देवळं हवीत, मुलीला प्राणी आणि होडी.

उत्तर : लुंफिनी बागेपासूनच सुरुवात करा, कारण ती हॉटेलसमोर आहे आणि पोचल्या दिवशी कुणाच्याही अंगात त्राण नसतं. सहाव्या रामाने दिलेल्या जागेवर ही बाग झाली. नाव बुद्धाच्या जन्मगावाचं. तळ्याच्या काठाने चालताना दीड-दोन मीटर लांबीचे प्राणी संथपणे पाण्यात उतरताना दिसतील. मुलीला सांगा, ही घोरपडीचीच जात, फक्त पाण्याला सरावलेली. सिंहगडाच्या गोष्टीतली घोरपड तिने पुस्तकात पाहिली असेल, इथे चार पावलांवर दिसेल. खायला मात्र काही टाकू देऊ नका.

दुसरा दिवस राजवाड्याचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बँकॉकमध्ये मराठी माणसाने सर्वांत जास्त वेळ जिथे द्यावा अशी जागा हीच, आणि बहुतेक लोक तिथूनच घाईने निघून जातात. राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केऊ हे देऊळ आहे (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ). आत हिरव्या जेडची बुद्धमूर्ती. उंची जेमतेम 66 सेंटिमीटर, पण सगळ्या देशाचं दैवत. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः ते बदलतो. सासूबाईंना हे लगेच कळेल. लोक दर्शन घेतात, बाहेर येतात, सोनेरी स्तूपापुढे फोटो काढतात आणि निघतात.

देवळाला चारही बाजूंनी ओवरी आहे. तिच्या भिंतीवर थायलंडचं रामायण, रामाकिएन, 178 चित्रांत रंगवलेलं आहे. पहिल्या रामाने अठराव्या शतकाच्या शेवटी हे काव्य नव्याने रचून घेतलं, चित्रं त्यावरून. ओळ उत्तरेकडच्या दारापाशी सुरू होते, सीता सापडल्याच्या प्रसंगापासून. तिथून क्रमाने चालत जा. सासूबाई पहिल्या दहा चित्रांतच गोष्ट ओळखतील आणि नंतर अडतील, कारण ही आपली गोष्ट असूनही वेगळी आहे. इथे सीता ही रावणाचीच मुलगी. रावणाचं नाव तोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ, तोंड हिरवं. हनुमान पांढराशुभ्र, आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या सुवन्नमच्छा त्याला भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो, आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो. वरचं अंग वानराचं, शेपूट माशाचं.

आता आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या कथेतला मकरध्वज आठवा. इथेही मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवून नेतो, हनुमान मागावर जातो आणि पाताळाच्या वाटेवर पहारेकरी म्हणून आडवा येतो तो त्याचाच मुलगा मच्छानु. हा प्रसंग भिंतीवर आहे. त्याच्या आधीचं चित्र मला फार आवडतं. रामाला कुणी पळवू नये म्हणून हनुमान अंग वाढवत नेतो आणि रामाचा अख्खा तळ तोंडात धरून बसतो. चित्रात तो पांढरा प्रचंड देह आणि त्याच्या जबड्यात सोनेरी मंडप. मुलीला हे चित्र शोधायला लावा, ओवरीतला अर्धा तास तिचा मजेत जाईल. बाहेर दारांवर जे उंच राक्षस पहारा देताना दिसतात, त्यांतला हिरवा दहातोंडी तोत्सकान आणि त्याच्या जोडीचा पांढरा सहस्सदेच, हेही याच गोष्टीतले. ओवरीत फोटो चालतात, बुद्धमूर्तीच्या गाभाऱ्यात चालत नाहीत.

रामाकिएन नाचातून पाहायचं तर मुखवट्यांचं खोन नाट्य आहे. 2018 साली युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. राजवाड्याच्या तिकिटातच साला चालेर्मक्रुंग या 1933 सालच्या थिएटरातला छोटा खेळ धरलेला असतो. त्या दिवशी खेळ आहे का, हे तिकीटखिडकीवर विचारून घ्या. तिकीट माणशी 500 बाट. 120 सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांना लागत नाही, तुमच्या मुलीला लागेल. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम, यजमानांनी बर्म्युडा घालू नये.

राजवाड्याजवळ कुणी नीटनेटका माणूस येऊन गोड बोलून सांगेल, की आज सरकारी पूजा आहे, राजवाडा बंद आहे, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला तुम्हाला वीस बाटमध्ये चार देवळं दाखवेल. ही फसवणूक जुनी आहे. टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. कुणाशी वाद घालू नका. सरळ दारापर्यंत चालत जा आणि तिथल्या रक्षकालाच विचारा.

त्याच दिवशी वाट फो घ्या. राजवाड्याला लागूनच आहे. पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच. चेहरा पाहून लोक मागे फिरतात. तुम्ही पायांपर्यंत चालत जा. तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाने 108 मंगलचिन्हं कोरलेली आहेत. मालिश शिकवणारी जुनी शाळा याच आवारात आहे. सासूबाईंच्या पायांना अर्धा तास तिथे द्यायला हरकत नाही, पण गुडघ्याचं दुखणं आधी सांगा. समोर था तिएन धक्क्यावरून काही बाटमध्ये तरीने पलीकडे वाट अरुण. सूर्याच्या सारथ्याचं नाव, चिनी मातीच्या फुटक्या बश्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर. पायऱ्या उभ्या आहेत, सासूबाईंनी खाली सावलीत बसावं, खालूनही ते तितकंच सुरेख दिसतं.

मग फुलबाजार. पाक क्लोंग तलात, सनाम चाय स्टेशनपासून चालत. रात्रंदिवस चालतो, पण संध्याकाळनंतर खरा भरतो. झेंडूच्या राशी पाहून दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं कुठलंही मार्केट आठवेल. एका बाजूला बायका कमळाच्या कळीची एकेक पाकळी हलक्या बोटाने आत दुमडत बसलेल्या असतात. हिरवट कळीचं बघता बघता घडीदार फूल होतं, आणि देवापुढे ठेवायला तीच कळी नेतात. फुआंग मालाई म्हणतात त्या माळा जवळ धरून पाहा. मोगऱ्यासारख्या कळ्या, मध्ये गुलाब, आणि मेणाच्या वाटाव्यात अशा पांढऱ्या टपोऱ्या कळ्या. त्या रुईच्या. शनिवारी आपण मारुतीला वाहतो तीच रुई इथे पाहुण्याच्या हातात, गाडीच्या आरशाला आणि बुद्धाच्या पायाशी असते. एक माळ विकत घ्या आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना एरावान चौकात घेऊन जा. तिथे 1956 साली बसवलेला चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे, भर मॉलच्या गर्दीत. नवस फेडणारे लोक पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं इतकी थोडी, आणि इथे रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याला दिवसभर उसंत नाही.

साम योत स्टेशनजवळ लाल रंगाचा उंच झोपाळ्याचा सांगाडा आहे. त्याच्याजवळ 1784 सालापासूनचं देवसथान, राजघराण्याच्या ब्राह्मणांचं देऊळ. शंकर, गणपती आणि विष्णू अशी तीन स्थानं. शंकर पृथ्वीवर येतो म्हणून त्या झोपाळ्यावर झोके घेण्याचा उत्सव व्हायचा, माणसं पडू लागल्यामुळे तो 1935 च्या सुमाराला बंद झाला. इथला गणपती कलांचा देव. सरकारच्या ललितकला खात्याचं चिन्हही गणपतीच आहे.

होडीसाठी मुलीला क्लोंग साएन साएप कालव्याच्या बोटीत बसवा, मात्र दुपारी, कचेऱ्या सुटायच्या आधी. पाणी उडतं, चढणं-उतरणं झटपट करावं लागतं, म्हणून सासूबाईंना नदीवरच्या मोठ्या बोटीत बसवा. वाट अरुणच्या थोडं खाली थोनबुरीच्या काठावर कुदी चीन ही पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे, ताक्सिनने दिलेल्या जमिनीवरची. थायलंडमधल्या पोर्तुगीज वळणाच्या, अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या मिठाया मारिया गियोमार या सतराव्या शतकातल्या बाईच्या नावावर सांगतात, आणि तिचे वडील गोव्याकडचे होते असं मानलं जातं. वेळ उरला तर जा.

प्रश्न : शाकाहाराचं काय? आणि एजंटने पटाया, तरंगता बाजार, सफारी असं सगळं घातलंय.

उत्तर : शाकाहाराची काळजी खरी आहे. नुसतं ‘नो मीट’ सांगून भागत नाही. भाजी पालेभाजी दिसते, पण तिच्यात नाम प्ला हा माशांचा रस असतो, परतलेल्या भाजीत कालवांचं सॉस असतं, करीच्या वाटणात वाळलेली कोळंबी. एकच शब्द पाठ करा : ‘जे’. चिनी बौद्ध परंपरेचं हे जेवण. मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घराला याहून सोयीचं काय असणार! अशा खाणावळीवर पिवळ्या पट्टीवर लाल थाई अक्षर असतं, आपल्याला ते इंग्रजी 17 सारखं दिसतं. चायनाटाउनमध्ये वर्षातून एकदा नऊ दिवसांचा ‘जे’चा उत्सव असतो, तेव्हा सगळा याओवरात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले ते दिवस 2023 आणि 2024 मध्ये आपल्या नवरात्राबरोबरच आले होते, कधी ते दिवाळीच्या आसपास सरकतात. तुमच्या तारखांत बसले तर सोडू नका. एरवी फाहुरातला शिखांच्या गुरुद्वाराभोवती उत्तर भारतीय जेवण मिळतं, सीलोमला दाक्षिणात्य. रस्त्यावर खानोम क्रोक शोधा : तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर भाजलेलं. साधे मागा, वर काय पेरलंय ते पाहून घ्या.

एजंटच्या यादीबद्दल स्पष्टच सांगते. पटाया जाऊन-येऊन निदान चार तास रस्त्यात जातात, आणि समुद्र पाहायचा तर कोकण काही वाईट नाही. दामनोएन सदुआकचा तरंगता बाजार शंभरेक किलोमीटरवर, आता तो मुख्यतः पर्यटकांसाठीच भरतो. ही दोन्ही काढा आणि त्यांतला एक दिवस अयुथ्थयाला द्या. रेल्वेने दीड-दोन तास, तिसऱ्या वर्गाचं भाडं किरकोळ, खिडकीतून भातशेती. स्टेशनवरून टुकटुक काही तासांसाठी ठरवून घ्या म्हणजे सासूबाईंना चालावं लागणार नाही. वाट महाथातला जा, झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक तिथे आहे. बँकॉक का वसलं, हे ते उद्ध्वस्त आवार पाहिल्यावर कळतं.

तारखा अजून पक्क्या नसतील तर त्रिपुरी पौर्णिमेचा विचार करा. ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो, नोव्हेंबरमध्ये ओसरतो. थाई बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला लॉय क्राथोंग असतो, आणि ती तारीख बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेचीच निघते. केळीच्या खांबाच्या चकतीवर पानं-फुलं खोचून, दिवा-उदबत्ती लावून नदीत सोडतात. आपल्याकडच्या दीपदानासारखंच, फक्त अख्खं शहर काठावर आलेलं असतं. शाळेची सुटी तोवर संपते, हे मला माहीत आहे. मुलीचे तीन दिवस बुडाले तरी चालतील, असं माझं मत.

निघण्याआधी व्हिसाचा त्या वेळचा नियम थाई वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहा, तो बदलत असतो. 1 मे 2025 पासून प्रवेशाचा डिजिटल फॉर्म भरणं सक्तीचं आहे. सरकारी फॉर्म फुकट असतो, पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. आणि राजवाड्याचं दार सकाळी साडेआठला उघडतं, तिकीटखिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. साडेआठला दारात हजर राहा, दहानंतर बसगाड्या यायला लागतात आणि ओवरीतली चित्रं शांतपणे पाहता येत नाहीत.